ॲमेझॉन तोडलं की पाऊस घटतो, मग ठाण्यात का घटत नाही?

ऐरोलीत आठवी-नववीला भूगोल शिकवणाऱ्या एका मॅडमनी प्रश्न पाठवला आहे. वर्षावनांच्या तोडीचा धडा चालू असताना मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, ॲमेझॉनमधली झाडं तोडली की तिथला पाऊस कमी होतो म्हणता. मग आपल्याकडे घोडबंदर रोडला एवढे टॉवर झाले, पारसिकचा डोंगर खाणींनी खाल्ला, तरी दर जुलैत ट्रॅकवर पाणी येतंच. असं कसं?" मॅडम प्रामाणिकपणे लिहितात की त्यांना उत्तर देता आलं नाही. पाणी आणि कार्बन या दोन्हींबद्दल सविस्तर सांगा, अशी त्यांची विनंती आहे.

मॅडम, त्या पोराला माझ्याकडून शाबासकी द्या. मी तीस वर्षं ठाणे-पालघरच्या डोंगरांत मृद व जलसंधारणाची कामं केली, आणि इतका नेमका प्रश्न बैठकांमध्ये मला क्वचितच कुणी विचारला. बैठकीत सगळे "झाडं पाऊस खेचून आणतात" म्हणतात आणि चहा पितात.

आधी थेट उत्तर. ठाण्याचा पाऊस समुद्राचा आहे. ॲमेझॉनच्या पोटातला पाऊस बऱ्याच अंशी जंगलाचा आहे. त्यामुळे जंगल तोडल्यावर दोन्हीकडे जलचक्र मोडतं, पण वेगवेगळ्या जागी मोडतं.

कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर पडणाऱ्या पावसाची वाफ अरबी समुद्रावरून येते. नैऋत्येचे वारे ती आणतात, सह्याद्री आडवा येतो, हवा वर चढते, गार होते आणि कोसळते. ठाण्याला वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि माथेरानला त्याच्या जवळपास दुप्पट, याचं कारण उंची. येऊरचं जंगल उद्या नाहीसं झालं तरी पावसाळा ठाण्यात येणारच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तो काही झाडांना विचारून नव्हे.

आता नकाशात ॲमेझॉन काढा. अटलांटिकच्या किनाऱ्यावर बेलेम शहर. तिथून पश्चिमेला अँडीज पर्वताच्या पायथ्यापर्यंत तीन हजार किलोमीटरच्या आसपास. वारा पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. समुद्रावरून आलेली वाफ एकदाच पडून संपली असती तर एवढ्या आत पाऊस पोचलाच नसता. आपल्याकडे बघा ना, घाटमाथा ओलांडला की शंभर किलोमीटरच्या आत सिन्नर-संगमनेरचा दुष्काळी पट्टा लागतो. तिथे मात्र अँडीजच्या पायथ्यालाही धो धो पाऊस आहे.

मुलांना मी हे एसटीच्या उदाहरणाने सांगतो. बेलेमहून सुटलेली वाफ म्हणजे लाल डबा. दर थांब्यावर काही प्रवासी उतरतात, हा झाला पाऊस. पण त्या थांब्यावरचं जंगल पडलेलं पाणी मुळांनी ओढतं आणि पानांतून परत हवेत सोडतं, म्हणजे जेवढे उतरले त्यातले बरेचसे पुन्हा चढतात. म्हणून बस शेवटच्या गावापर्यंत भरलेली राहते. मधले थांबे बंद केले, म्हणजे मधलं जंगल तोडून गुरांची कुरणं केली, तर उतरणारे उतरतात पण चढणारं कुणी नसतं. शेवटच्या गावाला रिकामी बस पोचते.

हे नुसतं उदाहरण नाही, मोजलेलं आहे. ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनेआस सालाती यांनी १९७० च्या दशकात पावसाच्या पाण्यातला ऑक्सिजन तपासला. पाण्याचे काही रेणू किंचित जड असतात, त्यांत ऑक्सिजन-१८ हा समस्थानिक, म्हणजे ऑक्सिजनचाच जरा जड प्रकार, असतो. ढगातून जड पाणी आधी पडतं, त्यामुळे ढग जसजसा आत जाईल तसतसं उरलेलं पाणी हलकं होत जायला हवं. सालातींना ते अपेक्षेइतकं हलकं मिळालं नाही. कारण झाडं पडलेलं पाणी, जड आणि हलकं दोन्ही, जसंच्या तसं हवेत परत करत होती. त्यांच्या हिशेबाने तिथला निम्म्याच्या आसपास पाऊस जंगलाने परत फिरवलेला होता. पुढच्या काळात वेगळ्या पद्धतींनी केलेल्या गणितांत हा वाटा पाव ते तृतीयांश असा येतो. कुठे मोजता, कसं मोजता यावर तो बदलतो, पण एवढ्या मोठ्या खोऱ्यात पावही प्रचंड आहे.

किती प्रचंड, ते मुलांकडून फळ्यावर करून घ्या. जंगलाचं क्षेत्र ५५ लाख चौरस किलोमीटर धरा आणि दिवसाला साडेतीन मिलिमीटर पाणी हवेत जातं असं धरा. गुणाकार केला की दिवसाला १,९०० कोटी टनांच्या पुढे पाणी येतं. आता ॲमेझॉन नदी समुद्रात सरासरी दर सेकंदाला दोन लाख घनमीटर पाणी ओतते, म्हणजे दिवसाला १,७०० कोटी टनांच्या थोडं वर. जगातल्या सगळ्यात मोठ्या नदीत जेवढं पाणी जमिनीवरून वाहतं, जवळपास तेवढंच किंवा त्याहून थोडं जास्त पानांतून वर जातं. ब्राझीलमध्ये या वाऱ्यावरच्या ओलाव्याला 'उडत्या नद्या' म्हणतात. त्या अँडीजला धडकून दक्षिणेला वळतात आणि दक्षिण ब्राझील, पॅराग्वे, उत्तर अर्जेंटिनाच्या शेतांवर पडतात. जंगलात कधी पाऊल न टाकलेला सोयाबीनवाला शेतकरी जंगलाच्याच पाण्यावर पीक काढत असतो.

यात मला सगळ्यात जास्त मोहात पाडणारी गोष्ट मुळांची आहे. पूर्व ॲमेझॉनमध्ये काही ठिकाणी पाच-सहा महिने फारसा पाऊस नसतो, तरी जंगल हिरवंगार. डॅनियल नेपस्टॅड हे अमेरिकी जंगल-अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे खोल खड्डे खणले, तर झाडांची मुळं १८ मीटर खाली सापडली. १९९४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सहा मजली इमारतीएवढं खाली! पावसाळ्यात मुरलेलं पाणी जंगल कोरड्या दिवसांत उपसून हवेत सोडतं. त्याची पुढची कडी २०१७ मध्ये जुळली. दक्षिण ॲमेझॉनमध्ये पावसाळा समुद्री वाऱ्यांची दिशा बदलायच्या दोन-तीन महिने आधीच सुरू होतो, कारण कोरड्या ऋतूच्या शेवटी जंगलाने सोडलेली वाफ हवा तयार करून ठेवते. म्हणजे तिथे मृगाची वाट बघायची नसते, जंगलच मृग आणतं.

कुरणाचं गवत हे करू शकत नाही. त्याची बरीचशी मुळं वरच्या थरातच. पावसाळ्यात गवतही बऱ्यापैकी पाणी उडवतं, पण कोरड्या दिवसांत करपतं आणि त्याच वेळी वाफ तुटते. पावसाळा उशिरा लागतो, कोरडा ऋतू लांबतो. शिवाय जमीन तापते. याचाही हिशेब सोपा आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला पाऊण युनिट विजेपेक्षा थोडी कमी उष्णता लागते. मोठं झाड दिवसाला शंभर लिटर पाणी उडवत असेल, तर ते साठ-सत्तर युनिट उष्णता आसपासच्या हवेतून काढून घेतं. दीड टनाचा एसी बारा-तेरा तास चालवून जेवढी उष्णता खोलीतून काढेल, तेवढी. फरक असा की आपला एसी ती उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीवर फेकतो. झाडाने घेतलेली उष्णता वाफेबरोबर वर जाते आणि ढग तयार होताना तिथे सुटते, त्या जोरावर ढग आणखी फुगतो.

इथे एक फसवी गोष्ट आहे, आणि ती न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. जंगलात छोटे छोटे तुकडे तोडले की पाऊस लगेच घटत नाही. मोकळी जमीन तापते, हवा वर उठते, शेजारच्या जंगलातली ओली हवा तिथे ओढली जाते आणि कडेकडेने पाऊस कधी थोडा वाढलेलाही दिसतो. त्यावर बोट ठेवून "बघा, काही होत नाही" म्हणणारे भेटतात. तोडीचा पसारा वाढला की चित्र उलटतं. २०२३ मध्ये उपग्रहांच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात दोनशे किलोमीटरच्या पट्ट्यात जंगल एक टक्का कमी झालं की महिन्याचा पाऊस सरासरी पाव मिलिमीटर घटतो असं दिसलं. पाव मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण तीस-चाळीस टक्के जंगल गेलेल्या पट्ट्यासाठी तो गुणाकार करून बघा, तोही दर महिन्याचा.

मग आपल्या सह्याद्रीच्या जंगलांचा पावसाशी काहीच संबंध नाही? आहे, पण आपल्या पावसाशी नाही. आपल्याकडे वारा समुद्राकडून आत जातो, त्यामुळे घाटातल्या झाडांची वाफ आपल्या डोक्यावर न पडता पुढे जाते. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१८ मध्ये हिशेब मांडला की पश्चिम घाटातल्या जंगलांची वाफ तमिळनाडूच्या मोसमी पावसाला मोठा हातभार लावते आणि तुटीच्या वर्षांत तो वाटा निम्म्यापर्यंत जातो. तोडणारे इथले आणि तहानलेले तिकडचे, असा तो मामला.

ठाणे-नवी मुंबईत जलचक्र मोडतं ते पाऊस जमिनीला टेकल्यानंतर. आता मी माझ्या गल्लीत आलो.

आपला डोंगर काळ्या बेसॉल्टचा. ॲमेझॉनसारखी वीस मीटर खोल माती इथे नाही. येऊर, पारसिक, खारघर, कुठल्याही उतारावर कुदळ मारा, हात-दोन हातांवर कातळ लागतो. पाणी साठायला जागा म्हणजे तेवढी माती, तिच्याखालचा मुरूम आणि खडकाच्या भेगा. एवढ्या छोट्या टाकीत चार महिन्यांचा अडीच हजार मिलिमीटर पाऊस येतो. त्यातला किती मुरणार हे वरच्या वीतभर थरावर ठरतं: पालापाचोळा, मुळं, वाळवीने आणि गांडुळांनी केलेली भोकं.

आमच्याकडे हे मोजायला दोन लोखंडी कड्यांचं एक यंत्र असतं. पण बेसनाचा रिकामा मोठा डबा दोन्ही बाजूंनी कापला तरी काम भागतं. डबा जमिनीत चार बोटं ठोकायचा, पाणी भरायचं, घड्याळ लावायचं. एकदा नवीन पोरांना शिकवायला मी एका डोंगरउतारावर दोन डबे ठोकले. एक आसाण्याच्या झाडाखाली पाचोळा बाजूला करून, दुसरा तिथून तीस पावलांवर, पोरं क्रिकेट खेळतात त्या चोपलेल्या जागेत. झाडाखालच्या डब्यात पाणी ओतलं, वहीत वेळ लिहायला खाली बघितलं, वर बघतो तर डबा रिकामा. एकाला वाटलं डबा गळतोय. दुसऱ्या डब्याजवळ आम्ही चहा घेतला, बिस्किटं संपवली, तरी पाणी बोटभरही उतरलं नव्हतं, आणि त्यात एक मुंगळा पोहत होता. माती एकच, खडक एकच, पाऊस एकच.

मुरलं नाही ते पाणी वाहतं. वाहताना माती नेतं. म्हणून जंगल विरळ झालेल्या उतारांवरून येणारे ओहोळ पहिल्या पावसात चहासारखे लाल होतात आणि एक सर पडून गेली की तासाभरात नाला तुडुंब. पारसिकच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. पावसाचे आकडे तेच असूनही पूर वाढल्यासारखा वाटतो तो यामुळे, आणि अर्थात नाल्यांवर केलेल्या बांधकामांमुळे. सगळं जंगलावर ढकलू नये.

आणि मे महिन्यात याची दुसरी बाजू दिसते. भातसा, तानसा, वैतरणा ही धरणं ज्या डोंगराळ पट्ट्यात आहेत, त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. एका पाड्यावरच्या म्हातारीने मला एका वाक्यात सगळं जलविज्ञान सांगितलं होतं: "आधी झिरा पाऊस लागेस्तोवर पुरायचा, आता शिमग्यालाच खरवडाय लागतो." झिरा म्हणजे ओढ्याच्या कोरड्या पात्रात खणलेला खड्डा. त्यात थेंब थेंब येणारं पाणी म्हणजे वरच्या जंगलाने आठ महिने जपून सोडलेला पावसाळा.

पाठ्यपुस्तकात एक वाक्य हमखास असतं: जंगल तोडलं की नद्या आटतात. हे अर्धं खरं आहे. झाडं स्वतः पाणी पितात. त्यामुळे जंगल तोडल्यावर नदीतून वर्षभरात वाहणारं एकूण पाणी बहुतेक वेळा वाढतं. ब्रुइन्झील नावाचे एक डच जलतज्ज्ञ आहेत, त्यांनी उष्ण कटिबंधातल्या अशा नोंदी एकत्र करून हे नीट मांडलं. खरी लढत दोन गोष्टींत आहे: झाडं गेल्यामुळे पाणी किती वाचलं आणि जमीन चोपली गेल्यामुळे मुरणं किती बुडालं. मुरणं जास्त बुडालं की एकूण पाणी वाढूनही ते सगळं जुलै-ऑगस्टमध्ये समुद्रात जातं आणि एप्रिलमध्ये झिरा कोरडा.

म्हणूनच नुसती झाडं लावून हे भरून येत नाही. हे मी दुसऱ्याला नाही, स्वतःला ऐकवतो आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही डोंगरांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली. झटपट वाढते, गुरं खात नाहीत, पाहणीला साहेब आले की हिरवं दिसतं. दहा-बारा वर्षांनी त्याच जागी गेलो तर खाली ना कुडा, ना करवंद, ना गवत. पाने कागदाच्या कपट्यांसारखी सुकून पडलेली, कुजेनात, आणि पाणी त्यांच्यावरून सटकून जात होतं. एका ठिकाणी तर लागवडीसाठी सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत धरलेले खंदक) खणायला जेसीबी आणला आणि चरांच्या रेषेत आलेली आपसूक उगवलेली पळस-धावड्याची झुडपं आधी उपटली. ती झुडपं तशीच राखली असती, गुरं आणि वणवा पाच वर्षं बाहेर ठेवला असता, तर फुकटात जास्त चांगलं काम झालं असतं. मी तेव्हा सही केली होती, हेही लिहून ठेवतो.

एक खुलासा राहिला. येऊरचं जंगल वर्षावन नाही. ते ओलं पानझडी जंगल आहे; साग, ऐन, आसाणा फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकून मोकळे होतात. म्हणजे उन्हाळ्यात वाफ सोडण्याचं काम ते जवळपास बंदच ठेवतं. आपल्याकडे सदाहरित जंगल बघायचं तर भीमाशंकर, महाबळेश्वर, आंबोलीकडे जावं लागतं. मुलांना येऊरच्या सहलीत "हेच ॲमेझॉन" असं सांगू नका.

आता कार्बन. हे त्या मानाने सोपं आहे, कारण कार्बन कुठे पडला आणि कुठे उठला याने फरक पडत नाही. हवा सगळ्यांची एकच.

टेप घ्या. समजा एक ऐनाचं झाड आहे, छातीच्या उंचीवर घेर दीड मीटर, उंची अठरा मीटर. घेरावरून व्यास काढा, खोडाचं घनफळ काढा, लाकडाच्या घनतेने गुणा, फांद्यांचं थोडं वाढवा. वाळलेलं वजन सव्वा ते दीड टन भरेल. त्यातला निम्मा कार्बन, म्हणजे साधारण सातशे किलो. तो जळून किंवा कुजून कार्बन डायऑक्साइड झाला की ४४ भागिले १२ ने वाढतो: अडीच टन. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे ते एक झाड गेलं म्हणजे अकराशे लिटर पेट्रोल. त्याच्या बदल्यात दहा रोपं लावली, दहाच्या दहा जगली, तीन वर्षांत मनगटाएवढी झाली, तरी सगळी मिळून वाळल्यावर शंभर किलो भरत नाहीत. बदली वृक्षारोपणाचा फलक बघितला की मी मनात ही वजाबाकी करतो.

वर्षावनात हेक्टरी जमिनीवरच दीडशे-दोनशे टन कार्बन असतो. संपूर्ण ॲमेझॉनमध्ये माती धरून पंधरा ते वीस हजार कोटी टन. जग कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला हजार कोटी टनांच्या आसपास कार्बन सोडतं, म्हणजे हा पंधरा-वीस वर्षांचा ऐवज झाला. आज माणसामुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण दहावा हिस्सा जमिनीचा वापर बदलल्याने, मुख्यतः जंगलतोडीने जातो.

तोडलेल्या जागेपुरतंही हे थांबत नाही. ब्राझीलच्या ॲमेझॉनमधल्या मनाऊस शहराजवळ १९७९ पासून जंगलाचे मोजून ठेवलेले तुकडे अभ्यासले जात आहेत. तुकड्याच्या कडेला ऊन आणि वारा आत शिरतो, आणि आधी मरतात ती सगळ्यात मोठी झाडं, ज्यांत सगळ्यात जास्त कार्बन असतो. कुऱ्हाड न लागताही कडेपासून शंभर मीटरपर्यंतचं जंगल हलकं होत जातं. रस्ता जंगलातून काढला की नकाशावर एक बारीक रेघ दिसते. जंगलाला ती दोन्ही बाजूंनी शंभर-शंभर मीटरची असते.

"पृथ्वीची फुप्फुसं" हा शब्द मात्र धड्यातून काढा. जंगल दिवसा जेवढा ऑक्सिजन करतं, जवळपास तेवढाच त्याचा स्वतःचा श्वास आणि खाली कुजणारा पाला वापरून टाकतो. ॲमेझॉन गेलं तर आपण गुदमरणार नाही. आपण भाजणार.

पाणी आणि कार्बन ही दोन चक्रं वेगळी शिकवली जातात, पण मोडताना एकत्र मोडतात, आणि ते सगळ्यात स्पष्ट दिसतं इंडोनेशियात. कालिमंतानमध्ये दलदलीची जंगलं आहेत. तिथे हजारो वर्षांचा पालापाचोळा पाण्याखाली न कुजता साठून राहिला आहे, त्याला पीट म्हणतात. हा थर काही ठिकाणी अनेक मीटर जाड आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या सरकारने दहा लाख हेक्टर दलदलीत भात पिकवायची योजना आखली आणि कालवे खणून पाणी काढून टाकलं. भात काही धड आलं नाही. १९९७ मध्ये एल निनोचा दुष्काळ पडला आणि कोरडा झालेला पीट पेटला. वरचं जंगल तर जळालंच, पण जमीनसुद्धा महिनोन्‌महिने धुमसत राहिली. त्या एका वर्षात इंडोनेशियातल्या आगींतून ८१ ते २५७ कोटी टन कार्बन गेल्याचा अंदाज आहे. आधी पाणी काढलं, म्हणून कार्बन गेला. तुमच्या शाळेपासून ठाणे खाडी जवळ आहे, मॅडम. खारफुटीच्या त्या काळ्या चिखलातही असाच कार्बन पाण्याखाली कोंडलेला आहे. बांध घालून भरतीचं पाणी अडवलं की चिखल वाळतो, हवा लागते आणि तो सुटायला लागतो. झाडं उभी दिसतात तेव्हाही.

ॲमेझॉनमध्ये हीच साखळी जरा सावकाश चालते. तोडीमुळे वाफ कमी, त्यामुळे कोरडा ऋतू लांब, त्यामुळे झाडं मरतात आणि आग आत शिरते. आपल्याकडे खारघरच्या डोंगरांवर दर फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवे लागतात, तरी पळस-साग पुन्हा फुटतात. त्यांची साल जाड असते. वर्षावनातल्या झाडांना आगीची सवयच नाही. साल पातळ, गुडघाभर उंचीची रांगती आगसुद्धा त्यांना मारते. २००५, २०१०, २०१५-१६ असे मोठे दुष्काळ पडले. २०२३ मध्ये मनाऊसला रिओ नेग्रो नदी १९०२ पासूनच्या नोंदींतल्या सगळ्यात खालच्या पातळीला गेली आणि २०२४ मध्ये तोही विक्रम मोडला. २०२४ मध्ये उष्ण कटिबंधातलं ६७ लाख हेक्टर अस्सल जुनं जंगल गेलं, त्यातलं निम्म्याच्या जवळ आगीने.

लुसियाना गात्ती या ब्राझीलच्या शास्त्रज्ञ बाईंनी २०१० ते २०१८ या काळात छोट्या विमानांतून ॲमेझॉनवरच्या हवेचे नमुने घेतले, चार ठिकाणी, सहाशेच्या आसपास उड्डाणं. आग्नेय ॲमेझॉन, जिथे तोड सगळ्यात जास्त, तिथे जंगल आता शोषतं त्यापेक्षा जास्त कार्बन सोडतं. जिथे तोड नाही तिथेही हात आखडता झाला आहे: १९९० च्या दशकात उष्ण कटिबंधातली अखंड जंगलं माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी १७ टक्के शोषत होती, २०१० च्या दशकात ६ टक्के.

किती तोडल्यावर परत फिरता येणार नाही, हे मुलं विचारतीलच. थॉमस लव्हजॉय आणि कार्लोस नोब्रे या ॲमेझॉनच्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये २० ते २५ टक्के असा अंदाज दिला. आज सहावा हिस्सा तरी गेलेला आहे. मी स्वतः त्या आकड्याला रेल्वेच्या सिग्नलसारखं धरत नाही, की २४ ला पिवळा आणि २५ ला लाल. दक्षिणेकडच्या पट्ट्यात तो बदल सुरू झालेलाच आहे आणि वायव्येला अजून बरीच मुभा आहे. आणि तोड थांबवता येते. ब्राझीलमध्ये २००४ मध्ये वर्षाला २७ हजार चौरस किलोमीटरच्या वर जंगल जात होतं, २०१२ मध्ये ते साडेचार हजारांच्या आसपास आलं. उपग्रहाचं लक्ष, दंड, कर्ज बंद, एवढ्या साध्या गोष्टींनी. सोडून दिलेल्या जमिनीवर आपसूक उगवणारं जंगल मूळच्या नव्वद टक्के वजनापर्यंत यायला मध्यम हिशेबाने ६६ वर्षं लागतात. 

तुमच्या वर्गासाठी डब्याचा प्रयोग करा. येऊरला नको, ते राष्ट्रीय उद्यान आहे, वनखात्याची परवानगी लागते. शाळेचं मैदान आणि शाळेच्याच आवारातलं सगळ्यात जुनं झाड पुरेल. पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुट्टीनंतर करा. भर पावसात जमीन आधीच भरलेली असते, फरक कळत नाही. पाचोळा बाजूला करा पण माती खरवडू नका. पाणी एकदा ओतून सोडून द्या, दुसऱ्यांदा ओतल्यावर वेळ मोजा. मागच्या बाकावरच्या त्या मुलाच्या हातात घड्याळ द्या. आणि डबा कापून झाल्यावर त्याची वरची कड हातोडीने आत वळवून घ्या, नाहीतर पोरांची बोटं कापतात.